अनुभव धागा : आकाशातला महाल आणि तो सांभाळणारे हात

एप्रिल 1971 मध्ये एअर इंडियाचे पहिले बोइंग 747, 'एम्परर अशोक', सांताक्रूझला उतरले. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेल्या या विमानाची जाहिरात 'आकाशातला महाल' अशीच झाली. पहिल्या वर्गाचा थाट उपभोगणाऱ्यांच्या आठवणी पुष्कळ वाचायला मिळतात. तो थाट उभा करणाऱ्यांनीही येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त हवाईसुंदरी, विलेपार्ले

पहिल्या वर्गातून गोल जिना वरच्या मजल्यावरील लाउंजमध्ये जात असे. विमान हेलकावत असताना साडी सावरत, पेल्यांनी भरलेला ट्रे घेऊन तो जिना चढणे सवयीनेच जमते. निऱ्या पिनांनी पक्क्या केल्याशिवाय आमच्यापैकी कोणी कामावर उभी राहत नसे. शॅम्पेन आणि प्रवाशांसमोर कापून वाढले जाणारे रोस्ट सर्वांच्या लक्षात राहते. परंतु प्रवाशाने बेल वाजवण्यापूर्वी त्याची गरज ओळखणे, हा माझ्या मते त्या सेवेचा खरा गाभा होता. एअर इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा प्रवासात असले की चहाच्या रंगापर्यंतच्या बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवत, आणि त्यामुळे आम्हालाही नजर आली. 1 जानेवारी 1978 च्या रात्री हेच 'एम्परर अशोक' विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि 213 जण गेले. त्यांत माझे सहकारी होते, म्हणून त्या दिवसांविषयी मी केवळ कौतुकाने लिहू शकत नाही.

विमानांसाठी जेवण बनवणाऱ्या स्वयंपाकघरातील निवृत्त आचारी, कलिना

युरोपकडे जाणारी विमाने बहुधा मध्यरात्रीनंतर सुटत, त्यामुळे शहर झोपले की आमची धावपळ सुरू होई. जेवण जमिनीवरच शिजवून, झपाट्याने थंड करून विमानात चढवले जाते आणि तेथील ओव्हनमध्ये पुन्हा गरम होते. म्हणून तळलेले पदार्थ मऊ पडतात, रस्सेदार पदार्थ मात्र टिकतात. उंचावरच्या कोरड्या हवेत जिभेला मीठ कमी जाणवते, त्यामुळे आम्ही मसाला मुद्दाम किंचित चढा ठेवत असू.

डोंबिवली

माझे थोरले बंधू शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले, तेव्हा परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे त्यांच्या खिशात जेमतेम 8 डॉलर होते. पहिल्या वर्गाचा पडदा त्यांनी लांबूनच पाहिला. तरीही भूक ओळखून मराठीत विचारपूस करणाऱ्या आणि न मागता दुसरे ताट आणून देणाऱ्या हवाईसुंदरीविषयी त्यांनी पहिल्याच पत्रात दोन पाने लिहिली होती. वर लिहिणाऱ्या ताईंनी त्या काळी न्यूयॉर्कच्या मार्गावर काम केले होते का, हे कृपया कळवावे.