बोसूवर स्क्वाट मारून ताकद जाते का? मदत हवी आहे (लवकर!)

घाईगडबड: मंडळी, उद्या सकाळी सहाला जिम आहे, त्याआधी सांगा. नवा ट्रेनर दीड महिना बोसूवर (खाली सपाट, वर फुगीर घुमट असलेला अर्धा चेंडू) उभं करून स्क्वाट मारायला लावतोय. आधी 60 किलो आरामात व्हायचे, आता 25 लाच पाय लटलटतात. पैसे भरून कमजोर होतोय का मी?

पडघम: घुमट वर की खाली? वय? जमिनीवर आता किती उचलता?

लालमाती: फेकून द्या तो अर्धा फुगा. तालमीत रोज 200 बैठका मारायचो, कुणी फुग्यावर चढलं नाही.

घाईगडबड: घुमट वर. 34. जमिनीवर पाहिलंच नाही. हो की नाही एवढंच सांगा ना!

सांधेजोड: फिजिओ आहे म्हणून लिहिते. पायाखालचं हललं की स्नायू आधी तोल धरतात, जोर लावायला कमी उरतात. अँडरसन आणि बेहम यांच्या 2004 च्या प्रयोगात चेंडूवर पाठ टेकून छातीने ढकलताना जोर सुमारे 60 टक्क्यांनी कमी भरला, स्नायू मात्र जवळपास तेवढेच राबत होते. तेव्हा 25 वरून घाबरू नका. पण ताकद वाढवायची तर जड वजन जमिनीवरच.

लालमाती: बघा, मी तेच म्हटलं.

सांधेजोड: नाही हो दादा, तुम्ही फेकून द्या म्हणालात.

खांबोटी: टांगता मल्लखांब काय स्थिर असतो का लालमाती? झुलतोच की.

लालमाती: मल्लखांबवालेही जोर-बैठका जमिनीवरच मारतात.

कोपऱ्यातला_फॅन: माझ्याकडे बोसू पडून आहे, कल्याण. पंप हरवलाय. व्यनि (खाजगी निरोप) करा.

पडघम: घाईगडबड, जुनी काही दुखापत?

घाईगडबड: राजगडावरून उतरताना उजवा घोटा मुरगळला होता, दिवाळीनंतर. दोनदा. त्याचा काय संबंध?

सांधेजोड: अहो, तोच तर संबंध! मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून तोलाचा सराव उपयोगी पडतो. पण बिनवजनाचा. भिंतीजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा, मग डोळे मिटून. खांद्यावर बार घेऊन फुग्यावर डुलायची गरज नाही. 60 चे स्क्वाट जमिनीवर, हळूहळू वाढवत.

डोंगरवेडा: बूट कुठले होते? चोर दरवाज्याच्या वाटेला सोलला पकड नसेल तर बोसू काय करणार!

पडघम: ट्रेनरला घोट्याचं सांगितलंय का?

घाईगडबड: फॉर्मवर लिहिलं होतं ना. ते वाचूनच त्याने बोसू काढला असेल होय?