ताबा नावापुरता नव्हता

वर एकांनी लिहिलंय की इंग्लंडच्या चर्चवर राजसत्तेचा ताबा एकोणिसाव्या शतकातच नावापुरता उरला होता. मला हे अजिबात पटत नाही. १९२७ घ्या. चर्चच्या स्वतःच्या सभेने सुधारित प्रार्थनापुस्तक (उपासनेत काय म्हणायचं ते ठरवणारं पुस्तक) मंजूर केलं, पण त्याला संसदेचीही मंजुरी लागायची; तिथं लॉर्ड्सनी होकार दिला आणि डिसेंबरात कॉमन्सने ते २३८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं. मुख्य वाद कशावर? आजाऱ्याला घरी नेऊन देता यावा म्हणून प्रभुभोजनाच्या विधीत पवित्र केलेला भाकर-द्राक्षारस चर्चमध्ये राखून ठेवायचा की नाही, यावर! अनेकांना ती रोमकडे, म्हणजे पोपच्या कॅथलिक पंथाकडे जाणारी वाट वाटली. खुद्द गृहमंत्री जॉइन्सन-हिक्स विरोधात आघाडीवर होते. त्या सभागृहात इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या पंथांचे मेथडिस्ट होते, प्रेस्बिटेरियन होते, लंडनच्या बॅटरसीतून निवडून आलेले आपल्या मुंबईचे पारशी सकलातवालाही होते. वेदीपाशी काय म्हणायचं ते यांनी का ठरवायचं, हा प्रश्न मला रास्तच वाटतो.

जून १९२८ मध्ये पुन्हा नकार. पंचवीस वर्षं कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू राहिलेले डेव्हिडसन त्याच वर्षी पायउतार झाले. आणि १९२९ मध्ये बिशपांनी ठरवलं की हे नामंजूर पुस्तक वापरणाऱ्यांना अडवायचं नाही! उपासनेचे अधिकार चर्चच्या महासभेकडे आले ते थेट १९७४ च्या कायद्याने.