ड्रग चार्ट घरच्यांना दाखवावा का?

नीलांबरी: माझं स्पष्ट मत, हार्टचा किंवा पॅरालिसिसचा पेशंट ॲडमिट असेल तर ड्रग चार्ट, म्हणजे कुठलं औषध किती आणि कधी द्यायचं तो वॉर्डातला कागद, घरच्यांना रोज दाखवलाच पाहिजे. मामांची घरची इकोस्प्रिन गोल्ड चालूच होती, त्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन तिन्ही असतात, आणि वॉर्डात परत तीच तिन्ही वेगवेगळी लिहिलेली! मामींनी पाकिटं शेजारीशेजारी ठेवून वाचली म्हणून कळलं, नाहीतर रक्त पातळ करणारं डबल गेलं असतं.

सिस्टर_मिरज: ताई, हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनचा, रेट रक्ताचा रिपोर्ट आला की बदलतो, सकाळचा चार्ट दुपारी जुना. आणि औषध भरताना मध्येच कोणी "ही कसली गोळी" विचारलं की चूक तिथंच होते. हेपरिनची 5 मिलीची बाटली 5,000 युनिटची पण येते, 25,000 ची पण. दोघींनी वेगवेगळं तपासायचं असतं, पण रात्री दुसरी सिस्टर आणायची कुठून? पोटॅशियम क्लोराईडच्या अँप्यूल वॉर्डाच्या ट्रेमधून उचला आधी, न मिसळता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. चार्टचं नंतर बघू.

कोकणी_माणूस: म्हणजे माणसं कमी, म्हणून आम्ही गप्प बसायचं? भारी आहे.

रेसिडेंट_रात्रपाळी: नातेवाईक हवेत, पण कॅज्युअल्टीत. स्ट्रोकच्या, म्हणजे पॅरालिसिसच्या पेशंटला बऱ्याचदा बोलता येत नाही, वजन किती, रक्त पातळ करायची कुठली गोळी, शेवटची कधी घेतली हे कोण सांगणार? टेनेक्टेप्लेस, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, हार्ट अटॅकला वजनाप्रमाणे 50 मिलिग्रॅमपर्यंत देतात, स्ट्रोकला जास्तीत जास्त 25. घाईत अटॅकचा डोस डोक्यात राहिला तर मेंदूत रक्तस्राव. चार्ट वाचून हे थांबत नाही हो.

फार्मा_अनघा: वॉर्डात फार्मासिस्ट नेमा की! गिळता येत नाही म्हणून बीपीची मेटोप्रोलॉल एक्सएल गोळी कुटून नळीतून देतात, दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं आणि मग बीपी का पडलं म्हणून सगळे शोधत बसतात. हे ना नातेवाइकाला कळणार ना दमलेल्या सिस्टरला.

नीलांबरी: नेमा ना, अडवलंय कोणी? पण नेमेपर्यंत काय? 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायला सांगितलंय, तोवर हार्टचा पेशंट घरी पण जातो. रेसिडेंट, तुमचं कॅज्युअल्टीचं मान्य, पण मामांची चूक वॉर्डातली होती.

सिस्टर_मिरज: बरं, राउंड झाल्यावर या, घरच्या गोळ्यांची पिशवी घेऊन, एकच जण. औषध भरताना मात्र कोणी नको, त्यावर मी ऐकणार नाही.