वसंतातील नैनिताल : मार्चमध्ये जावे की मेपर्यंत थांबावे?

त्रिमूर्तीनगर (प्रश्न)

नमस्कार. मी, माझे यजमान आणि सासूबाई असे आम्ही तिघे जण नैनितालला जाण्याचा विचार करीत आहोत. यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाल्यामुळे तारखांचे बंधन असे काही उरलेले नाही. नागपुरातील आमचे सगळे नातेवाईक डोंगरावर जातात ते मेमध्येच, कारण तेव्हा इथे घराबाहेर पाऊल टाकवत नाही. सासूबाईंचा आग्रह मात्र वेगळा आहे. उन्हाला कंटाळून पळून जाण्यापेक्षा तिकडचा वसंत पाहण्यासाठी जावे, असे त्या म्हणतात.

त्यांचे वय बहात्तर आहे. गुडघ्यांमुळे चढ आणि पायऱ्या त्यांना जमत नाहीत, पण सपाटीवर अर्धा तास त्या सहज चालतात. तरुणपणी त्या बरीच वर्षे शास्त्रीय गायन शिकल्या आहेत आणि अजूनही रोज सकाळी तानपुरा लावून बसतात. एका प्रवास कंपनीने आम्हाला दोन रात्रींचा कार्यक्रम दिला असून त्यात एका दिवसात पाच तलाव आणि दुसऱ्या दिवशी सहा ‘पॉइंट’ आहेत. तो वाचूनच सासूबाईंनी कागद बाजूला ठेवला. वसंतात तिथे नेमके काय फुलते, कोणते सण असतात आणि त्यांच्यासारख्या व्यक्तीला त्यातले काय अनुभवता येईल, हे तिथे राहून आलेल्यांनी कृपया सांगावे.

सेमिनरी हिल्स

ताई, आपल्या सासूबाईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. मी नैनितालला दोनदा गेलो आहे, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकदा मार्चच्या मध्यावर. ही दोन निरनिराळी गावे आहेत, असे मी मनापासून म्हणेन. मेमध्ये मॉल रोडवर इतकी गर्दी होती की तळे डोळ्यांसमोर असूनही त्याच्याकडे पाहायला उभे राहता येत नव्हते, आणि गावाबाहेर अडवलेल्या गाड्यांच्या रांगेत आमचे अडीच तास गेले. मार्चमध्ये त्याच रस्त्याच्या कठड्याला टेकून आम्ही सकाळचा चहा घेतला. पाणी स्थिर होते आणि आयारपाट्याच्या डोंगराची सावली त्यात पडली होती.

आपण तारखा ठरवताना १४-१५ मार्च हा दिवस मध्ये धरा. त्या सुमारास सूर्य मीन राशीत प्रवेश करतो आणि कुमाऊँचा, म्हणजे नैनिताल ज्यात येते त्या डोंगरी प्रदेशाचा, चैत्र सुरू होतो. त्यांचे महिने संक्रांतीवर मोजले जातात, आपले अमावास्येवर, म्हणून आपल्या पंचांगात फाल्गुन चालू असतानाही त्यांच्याकडे चैत्र लागलेला असू शकतो. त्या पहिल्या दिवशी ‘फूलदेई’ हा सण असतो आणि तो पूर्णपणे मुलांचा आहे. आम्ही भवालीच्या वाटेवरील एका घरगुती मुक्कामात उतरलो होतो. सकाळी सात वाजता दार वाजले. बाहेर सहा-सात वर्षांच्या तीन मुली उभ्या होत्या, त्यांच्या हातात रिंगाळाच्या, म्हणजे डोंगरी बांबूच्या, लहान टोपल्या होत्या आणि त्यांत पिवळी प्योली, आडूची (पीचची) गुलाबी फुले आणि बुरांशच्या लाल पाकळ्या होत्या. सगळी फुले दवाने ओली होती. त्यांनी उंबरठ्यावर फुले ठेवली आणि या घराचा उंबरा फुलता राहो, कोठार भरलेले राहो अशा अर्थाचे गाणे म्हटले. घरमालकिणीने आधीच माझ्या पत्नीच्या हातात तांदूळ आणि गुळाचे खडे देऊन ठेवले होते, ते तिने टोपल्यांत घातले. सर्वांत लहान मुलीचे बोट थंडीने लाल झाले होते, तरी ती एकेक फूल नीट देठ आत करून मांडत होती. आपल्याकडे भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जाणाऱ्या आणि खिरापत ओळखणाऱ्या मुली माझ्या पत्नीला आठवल्या आणि ती बराच वेळ दारातच बसून राहिली. यासाठी डोंगर चढावा लागत नाही, फक्त त्या सकाळी गावात मुक्कामाला असावे लागते, आणि शक्यतो मोठ्या हॉटेलात नव्हे, तर ज्या घराला उंबरठा आहे अशा घरात.

फुलांविषयी सांगायचे तर बुरांश हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष आहे. रामटेकच्या वाटेवर आपला पळस पाने झडल्यावर पेटतो. बुरांशची जाड, गडद हिरवी पाने मात्र झाडावरच असतात आणि त्यांच्यामध्ये घंटेसारख्या फुलांचे लाल गुच्छ बसलेले दिसतात, त्यामुळे तो रंग अधिक खोल वाटतो. नैनितालहून किलबरी आणि पंगोटकडे जाणारा रस्ता बांज (ओक) आणि बुरांशच्या जंगलातून जातो. गाडी सावकाश चालवायला सांगितली, तर सासूबाईंना खाली न उतरताही सगळे पाहता येईल. पक्ष्यांसाठीही हा भाग प्रसिद्ध आहे, दुर्बीण असल्यास जरूर न्या. दुसरा दिवस रामगढसाठी ठेवा. तो फळबागांचा पट्टा आहे आणि मार्चमध्ये तिथे आडू, आलुबुखार, खुमानी (जर्दाळू) यांची झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरतात. सफरचंदाला फूल थोडे उशिरा, साधारण एप्रिलमध्ये येते. हिंदी कवयित्री महादेवी वर्मा यांचे उमागढ येथील घर, मीरा कुटीर, त्याच परिसरात आहे.

गावातच तल्लीतालपासून मल्लीतालपर्यंतचा, म्हणजे तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा, काठचा रस्ता जवळपास सपाट आहे आणि दमल्यास ई-रिक्षा मिळते. नैनादेवीचे मंदिर तळ्याच्या मल्लीताल टोकाला, पाण्याच्या अगदी काठावर आहे. त्याच्या शेजारचे मोठे मैदान, ज्याला तेथील लोक ‘फ्लॅट्स’ म्हणतात, ते १८ सप्टेंबर १८८० च्या दरडीच्या मातीने आजच्या रूपात तयार झाले. त्या दरडीत १५१ माणसे गेली आणि जुने मंदिरही गाडले गेले. तिथे मुले क्रिकेट खेळताना दिसतात, तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही. स्नो व्ह्यूला रोपवेने जाता येते, त्यामुळे चढाचा प्रश्न येत नाही आणि आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर नंदादेवी आणि त्रिशूल स्पष्ट दिसतात. टिफिन टॉप या डोंगरमाथ्याचे नाव आपल्या कार्यक्रमात असेल तर ते काढून टाका. तेथील ‘डोरोथीज सीट’ हा दगडी चौथरा ऑगस्ट २०२४ मध्ये दरडीत कोसळला आहे, तरीही अनेक कंपन्यांच्या कागदांवर तो अजून छापलेला असतो. तसेही तिथपर्यंत गाडी जात नाही, चढ चढावा लागतो.

आणि पाच तलाव एका दिवसात करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या खेपेला आम्ही ते केले. भीमताल, नौकुचियाताल, सातताल, प्रत्येक ठिकाणी चालकाने घड्याळ पाहून वीस मिनिटे दिली, आणि घरी आल्यावर कोणते छायाचित्र कोणत्या तलावाचे, हे आम्हालाच सांगता येईना. एकट्या सातताललाच अर्धा दिवस द्या.

तंबोरा

वरील प्रतिसादात होळीचा उल्लेख राहिला आहे, आणि सासूबाई गाणे शिकलेल्या आहेत म्हणून मी विशेष आग्रहाने लिहितो आहे. कुमाऊँची होळी ही रंगांइतकीच, किंबहुना अधिक, गाण्याची होळी आहे. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. बैठकी होळी पौषातील पहिल्या रविवारपासूनच सुरू होते. ऐन थंडीत घराघरांत हार्मोनियम आणि तबला घेऊन लोक बसतात. सुरुवातीला भक्तिपर रचना गायल्या जातात, वसंत पंचमीनंतर शृंगार येतो आणि शिवरात्रीनंतर रंगाचा भर वाढतो. गायन रागदारीतले असते. काफी, खमाज, जंगला काफी, भैरवी हे राग आपल्या ठुमरी-होरी ऐकणाऱ्या माणसाला लगेच ओळखू येतात, पण ठेक्याची चाल आणि गाण्याची रीत स्वतंत्र आहे. मुख्य गायक एक ओळ उचलतो आणि बसलेल्यांपैकी कोणीही, मग तो दुकानदार असो किंवा शिक्षक, पुढे सरकून त्या ओळीत आपला आवाज मिसळतो. याला तिथे ‘भाग लगाना’ म्हणतात. श्रोता आणि गायक असा भेद तिथे जवळपास नाहीच. मी एका बैठकीत कोपऱ्यात बसलो होतो. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ तासभर डोळे मिटून होते, आणि मग अचानक त्यांनी अंतरा इतक्या सुरात घेतला की तबलजीने हसून मान डोलावली.

दुसरा प्रकार खडी होळी. फाल्गुन शुद्ध एकादशीला ‘चीर’ बांधली जाते, म्हणजे एका फांदीवर किंवा खांबावर रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधतात, आणि तिथून धुळवडीपर्यंत पांढरा कुर्ता आणि टोपी घातलेले पुरुष ढोल-मंजिऱ्यांवर गोल फेर धरून घरोघर गातात. स्त्रियांच्या बैठकी वेगळ्या असतात आणि त्यांत गाण्याबरोबर सोंगेही काढली जातात. नैनितालमध्ये श्री राम सेवक सभा दरवर्षी मल्लीतालला होळीचे कार्यक्रम करते. ज्या वर्षी होळी मार्चच्या उत्तरार्धात येते, त्या वर्षी फूलदेईपासून एकादशीपर्यंत थांबले तर दोन्ही पदरात पडतात. पंचांग उघडून पाहा आणि मगच तिकिटे काढा.

रेशीमबाग

मार्चची बाजू वरच्या दोघांनी चांगली मांडली आहे, मी दोन व्यावहारिक गोष्टी जोडतो.

पहिली थंडीची. मार्चच्या मध्यावर आपल्याकडे कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या बसवण्याची तयारी चालू असते, त्यामुळे आपण स्वेटर माळ्यावर टाकून मोकळे होतो आणि तेच अंगाशी येते. नैनितालचे तळेच समुद्रसपाटीपासून १९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. दिवसा ऊन छान असते, पण सूर्य डोंगराआड गेला की तापमान झपाट्याने उतरते आणि पाऊस किंवा गारा आल्या तर रात्री खोलीत हीटर लागतो. गुडघेदुखी असणाऱ्या व्यक्तीसाठी हे गंभीरपणे घ्या. खोली तळमजल्यावरची मागा आणि ‘लेक व्ह्यू’ म्हटले की किती पायऱ्या आहेत, हा प्रश्न फोनवरच विचारा, कारण गाव उतारावर वसलेले आहे आणि चांगले दृश्य असलेल्या बहुतेक खोल्या पायऱ्यांवरच असतात. आम्हाला एका हॉटेलने ‘रस्त्यालगत’ म्हणून दिलेली खोली रस्त्यापासून चौऱ्याहत्तर पायऱ्या वर होती. आईला खुर्चीत बसवून न्यावे लागले.

दुसरी प्रवासाची. नागपूरहून दिल्लीला गाड्या भरपूर आहेत, पण काठगोदामच्या सगळ्या गाड्या एकाच स्थानकावरून सुटत नाहीत. नवी दिल्ली, जुनी दिल्ली आणि निजामुद्दीन ही स्थानके एकमेकांपासून दूर आहेत आणि सामान व वृद्ध माणूस बरोबर असताना ते अंतर दुप्पट वाटते. आमची गाडी उशिरा पोहोचली आणि पुढची सुटली. त्यानंतर आम्ही नेहमी दिल्लीत एक रात्र काढतो. काठगोदामहून नैनिताल सुमारे ३५ किलोमीटर आहे, रस्ता वळणांचा आहे, उलटीची गोळी आधी घ्यावी.

मेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे काफळ. हे लहान लाल रानफळ त्या सुमारास टोपल्यांतून मीठ लावून विकायला येते आणि ते खाली मैदानात सहसा मिळत नाही. पण मेमध्ये वणव्यांची भीती असते. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळच्या जंगलातील आग विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालमधून पाणी उचलले होते. अशा दिवसांत धुरामुळे हिमशिखरे दिसणे दूरच, श्वासाचाही त्रास होतो. वृद्ध व्यक्तीसाठी मीही मार्चच निवडेन.

त्रिमूर्तीनगर

आपणा सर्वांची मी आभारी आहे. सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ‘भाग लगाना’ हा शब्द त्यांनी वहीत लिहून घेतला आहे. दोन शंका आहेत. परक्या माणसांना बैठकीत बसू देतात का? आणि मार्चमध्ये तळ्याचे पाणी फार खाली गेलेले असते, असे कोणी सांगितले, ते खरे आहे का?

तंबोरा

घरमालकिणीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की आमच्या सासूबाई गातात. स्त्रियांच्या बैठकीचे बोलावणे बहुधा तिच्याच ओळखीतून येईल. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, नागपूरची संत्र्याची बर्फी न्या. तिथे तुम्हाला गुजिया (करंजी) आणि आलूचे गुटके (मसाल्यात परतलेले बटाटे) मिळतील. आणि त्यांनी सासूबाईंना गायला सांगितले, तर त्यांनी अवश्य गावे, नकार दिला तर बैठक ठेवणाऱ्यांना वाईट वाटेल.

सेमिनरी हिल्स

पाण्याविषयी ऐकलेले खरे आहे. हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ कमी पडले की वसंतापासूनच पातळी उतरू लागते आणि उन्हाळ्यात काठाला गाळाचे पट्टे उघडे पडतात. २०१६ आणि २०१७ मध्ये हे फार ठळकपणे दिसले. कारण समजून घेण्यासारखे आहे. गावाचे पिण्याचे पाणी याच तळ्यातून उपसले जाते, आणि तळ्याला जमिनीखालून मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा वरच्या अंगाच्या सूखातालमधून झिरपून येतो. ते उथळ तळे पावसाळ्यानंतर कोरडे पडते, त्याच्या पात्रात बांधकामे झाली आणि मलबा पडला, त्याचा परिणाम खाली दिसतो. नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मल्लीतालहून थोड्याच अंतरावर सूखाताल आहे, गाडीतून जाता येता दहा मिनिटे तिथे थांबा. बोटीत बसाल तेव्हा वल्ह्याच्या बोटीतच बसा आणि सकाळी नऊच्या आधी जा, त्या वेळी वारा नसतो. खोलीत बादलीभर गरम पाणी मिळेल, तेवढ्यात भागवा.