५० किमी पळून दवाखान्याच्या नवजात कक्षासाठी पैसे गोळा करायचेत, कसं करू?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो, पळायला लागून चार वर्षं झाली, २१ किमी दोनदा पूर्ण केलंय. आता जानेवारीत ५० किमीच्या एका रेसला नाव घातलंय, वेळ आठ तासांची आहे. पण नुसतं पळायचं नाही, त्यातनं पैसे उभे करायचेत.

कारण सांगतो. माझी मुलगी ३१ व्या आठवड्यातच जन्माला आली, वजन १,४०० ग्रॅम. २७ दिवस सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षात काचेच्या पेटीत होती. मी शिफ्ट संपली की थेट तिकडं जायचो, बाहेर बाकड्यावर बसायचो, आतल्या सिस्टर दिवसातनं दोनदा बाहेर येऊन सांगायच्या, आज दूध पचलं, आज २० ग्रॅम वाढलं. आता ती अडीच वर्षांची झालीय, घरभर पळती. त्या कक्षासाठी काहीतरी करायचं हे तेव्हापासनं डोक्यात आहे. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अजून त्यांना विचारलेलंच नाही.

माझा विचार असा की २ लाख जमवायचे आणि एक चांगलं मशीन घेऊन द्यायचं. पैसे माझ्या फोनवर घ्यावेत का? लोकांकडं मागायचं कसं, मला तर दारात उभं राहून वर्गणी मागायची पण लाज वाटते. आणि पाच महिन्यांत २१ वरनं ५० वर जाता येतं का? जाणकारांनी सांगा.

पेठेतला
दादा, पहिलं एक काम कर, स्वतःच्या फोनवर पैसे घेऊ नकोस. २०१९ च्या महापुरात आमच्या तालमीनं मदत गोळा केली, सगळी एका कार्यकर्त्याच्या खात्यावर. पोरगं सोन्यासारखं, एक रुपया इकडचा तिकडं केला नाही, पण त्याच खात्यात त्याचा पगार, त्यातच गाडीचा हप्ता, आणि दोन महिन्यांनी चौकात कोणीतरी विचारलं किती आले किती गेले, तर त्याला वहीच मांडता येईना. तेव्हापासनं तो तालमीत यायचा बंद झाला. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आणि नोंदणीकृत संस्था नसताना लोकांकडनं मदत गोळा करायची म्हणजे आधी धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणपतीला मंडळं वर्गणीसाठी ४१ क ची परवानगी काढतात ना, तेच कलम. त्यापेक्षा सोपं म्हणजे पैसे तुझ्या हातात येऊच देऊ नकोस. सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते, तिचं खातं असतं. दवाखान्याच्या प्रमुखांना पत्र दे, कुठल्या कामासाठी ते लिही, लेखी होकार घे आणि लोकांना थेट त्या खात्यात भरायला सांग. तू फक्त पावत्यांचा हिशोब ठेव.

गुजरीतला हिशोबनीस
वरच्यांचं बरोबर आहे. त्यात थोडी भर. देणारे हमखास विचारणार की टॅक्समध्ये सूट मिळणार का. ज्या खात्यात पैसे जाणार त्या संस्थेकडं ८० जी, म्हणजे देणगीवर टॅक्स सूट मिळायची नोंदणी, आहे का ते आधी विचारून घ्या, नसेल तर तसं स्पष्ट सांगा. असेल तरी २,००० च्या वर रोख दिलेल्याला सूट धरत नाहीत आणि नवीन टॅक्स पद्धत घेतलेल्यांना ही सूटच नाही, आजकाल नोकरदार बरेच त्यातच आहेत. सुटीचं आमिष दाखवून मागू नका, नंतर तोंड वाईट होतं. रेसची फी, बूट, जायचा यायचा खर्च तुमच्या खिशातनं आणि ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.

नवजात कक्षातली ताई
भाऊ, तुमचं वाचून डोळे भरले. मी स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं झाली, त्यातली १४ अशाच कक्षात. तुमच्यासारखे बाबा बाहेर बाकड्यावर बसलेले रोज बघते, सगळ्यांशी बोलायला वेळ मिळत नाही त्याची चुटपुट लागते.

एक विनंती करते, राग मानू नका. मशीन घेऊ नका. निदान न विचारता तरी घेऊ नका. मी काम केलं त्या एका ठिकाणी कोणीतरी मोठ्या मनानं वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं मशीन, दिला, फोटो झाले, आणि सात आठ महिन्यांनी त्याचा बाळाच्या अंगाला लावायचा, अंगाची ऊब मोजणारा प्रोब गेला. तो प्रोब कुठं मिळतो, कोणी घ्यायचा, देखभालीचा करार कोणाच्या नावावर, कोणालाच माहीत नाही. वॉर्मर कोपऱ्यात गेला, त्यावर आम्ही चादरी ठेवायचो. देणाऱ्याचा दोष नव्हता, पण त्यांनी आम्हाला एकदा विचारलं असतं तर.

तुम्ही विचाराल मग काय द्यायचं. माझ्या मनातलं सांगते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या तिथं हे सुरू झालं. बाळ गरम राहतं, दूध नीट ओढतं, जंतुसंसर्ग कमी होतो, आणि जागतिक आरोग्य संघटना तर आता दिवसाला ८ ते २४ तास द्या म्हणते. आता मला सांगा, टाके पडलेली बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर आठ तास बसेल का? अर्ध्या तासात कंबर धरून उठते, बाळ परत पेटीत. मागं रेलता येतील अशा खुर्च्या, पुढून उघडणारे गाऊन, आडोशाला पडदे एवढं मिळालं तरी आमचं निम्मं काम होतं. हे कोणी देत नाही कारण त्याच्यावर पाटी लावता येत नाही. तरी तुमच्या कक्षातल्या इन्चार्ज सिस्टरना आधी भेटा, गरज त्यांनाच ठाऊक.

रंकाळा रनर
पळण्याचं मी सांगतो. पाच महिने पुरतात, पण आठवड्याचे किलोमीटर हळूहळू वाढव, दर चौथ्या आठवड्याला कमी कर. एकाच दिवशी ४० मारण्यापेक्षा शनिवारी २० आणि रविवारी दमल्या पायानं परत १८ असं कर, ५० ला तेच कामी येतं. पाऊस असेपर्यंत युनिव्हर्सिटी कॅम्पस नाहीतर रंकाळा, आणि ऑक्टोबर लागला की शिवाजी पुलावरनं केर्ली, वाघबीळ करत पन्हाळ्याचा रस्ता धर. साधारण २० किमी आहे. चढ चालत गेलास तरी चालतंय, उतार जपून, मांड्या उतारावरच जातात.

खाण्याची सवय आत्तापासनं लाव. मी गूळ शेंगदाण्याची वडी, उकडलेला बटाटा मिठातला, आणि ओआरएस ठेवतो, एक पाकीट एका लिटरला, अंदाजानं नाही. नुसतं पाणी ढोसत राहू नको, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस गरगरून पडतो. आणि दुखायला लागलं म्हणून पळताना पेनकिलर घेऊ नको, घाम गेलेला असताना त्या गोळ्या किडनीला घात करतात. फौंड्रीत रात्रपाळी असेल त्या दिवशी सरळ झोप काढ. भट्टीसमोर आठ तास उभा राहिलेला माणूस आधीच घामानं सुकलेला असतो.

मागायची लाज वाटते म्हणतोस तर टेरी फॉक्सचं वाच. कॅनडाचा पोरगा, हाडाच्या कॅन्सरनं उजवा पाय गुडघ्याच्या वरनं कापलेला. १९८० साली नकली पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किमी पळाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. मागणं काय होतं, कॅन्सरच्या संशोधनासाठी दर कॅनेडियन माणसामागं एक डॉलर, बस. तू पण तसंच माग, किलोमीटरला १० रुपये. ५० चे ५०० झाले. ४०० माणसं धर, २ लाख.

शिरोलीकर
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहायलोय, मधे दोन आठवडे रात्रपाळी होती.

ताई, तुमचं ऐकून गेलो. इन्चार्ज सिस्टरना मुलीचं नाव सांगितलं तर त्यांना आठवत होती, म्हणाल्या ती २७ दिवसवाली ना. काय पाहिजे विचारलं तर त्यांनी पण पहिलं खुर्च्यांचंच नाव काढलं. सहा खुर्च्या, चाळीस गाऊन, पडदे, आणि ऑक्सिजन मोजायचे बाळाचे प्रोब, ते सारखे खराब होतात म्हणे. यादी त्यांच्या हातानं लिहून दिलीय, ती जपून ठेवलीय. पत्र दिलंय, समितीच्या बैठकीत ठेवतो म्हणाले, होकार येईपर्यंत कोणाकडं एक रुपया मागणार नाही.

फौंड्रीत फक्त विचार बोलून दाखवला होता. साच्यावर काम करणारे एक मामा जवळ आले आणि म्हणाले माझा नातू पण त्याच पेटीत होता, माझे ५०० पहिले लिही. मागायची लाज त्यावेळी गेली.

रविवारी पहाटे ५ ला शिवाजी पुलावरनं निघणार आहे, केर्लीपर्यंत आणि परत. कोण येत असेल तर सांगा.

रंकाळा रनर
मी आहे. ओआरएस मी आणतो.

नवजात कक्षातली ताई
मला पळता येत नाही पण रविवारी माझी सकाळची ड्युटी नाही. परतताना पुलावर थांबते, चहा घेऊन.