पनामा, सुएझ... कालव्यातून क्रूझने गेलेल्या बडोदेकरांनो, अनुभव लिहा

परवा सूरसागर तळ्याच्या काठावर गप्पा मारताना कळलं की आमच्याच घोळक्यात कालवा पाहिलेले तिघं आहेत. फोटो सगळेच दाखवतात, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा. नावाऐवजी बडोद्यातला आपापला भाग लिहा. सुरुवात मी करते.

दांडिया बाजार: पनामा. पहाटे पाचला डेकवर गेलो, तरी कठड्याजवळच्या जागा आधीच गेलेल्या. गातूनच्या तीन लॉकमधून (लॉक म्हणजे दारं लावून पाणी भरायचे हौद) जहाज जिना चढावा तसं २६ मीटर वर चढतं. पंप एकही नाही, वरच्या तळ्याचं पाणी आपसूक खाली येतं. लॉक ३३.५ मीटर रुंद, आमचं जहाज ३२. म्हणजे दोन्ही बाजूंना हात-दीड हात. खालच्या डेकवरून ओली, शेवाळलेली भिंत अगदी नाकासमोरून सरकत होती. हातातला लीलो चेवडो तसाच राहिला! रुळांवरून सोबत चालणाऱ्या इंजिनांना तिथे म्यूल म्हणतात. त्या मुख्यतः दोर ताणून जहाज मधोमध धरतात, पुढे ते स्वतःच्याच जोरावर जातं. नवरीच्या दोन बाजूंना करवल्या असतात ना, तशा. आणखी एक गंमत: पॅसिफिककडे जाताना मोबाईलचं होकायंत्र आग्नेय दाखवत होतं. हे म्हणाले, बिघडलाय. बिघडला नव्हता, कालवाच तसा वळलाय.

मांजलपूर: आम्ही सुएझमधून उत्तरेला गेलो. १९३ किलोमीटर, लॉक एकही नाही. डावीकडे खजुराची झाडं, शेतं, मशिदीचे मनोरे; उजवीकडे सिनाईची नुसती वाळू. पहिले दोन तास भान हरपून पाहिलं, मग खरं सांगायचं तर झोप आली. २०२१ मध्ये ४०० मीटरचं जहाज इथेच आडवं अडकून सहा दिवस वाहतूक बंद होती, ते काठ बघितल्यावरच पटतं.

रावपुरा: माझा अनुभव जरा कडू आहे. एजंटने 'पनामा कालवा क्रूझ' म्हणून तिकीट दिलं. तीन लॉक चढलो, गातून तळ्यात जहाज वळलं आणि तेच तीन लॉक उतरून पुन्हा अटलांटिकच्या बाजूला! अशा अर्ध्या फेऱ्या असतात, हे मला जहाजावर कळलं. बुक करताना 'पूर्ण कालवा पार होणार का' असं स्पष्ट विचारा आणि लिहून घ्या. नातू फोनवर विचारत होता, "आजोबा, पॅसिफिक कसा होता?"

दांडिया बाजार: मग काय सांगितलंत?

रावपुरा: म्हटलं, सूरसागरसारखाच, जरा मोठा.