मदत हवी आहे: ऑक्झॅलिक आम्ल–सोडियम हायड्रॉक्साइड टायट्रेशनमध्ये सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं तेच रीडिंग) येत नाही

लिटमस११
अकरावीच्या प्रात्यक्षिकाची तयारी चालू आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे १.५७६ ग्रॅम स्फटिक २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये विरघळवून ०.०५ मोलर द्रावण केलं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या ४ ग्रॅम गोळ्या एक लिटर पाण्यात. ते द्रावण आठवडाभर काचेच्या बाटलीत होतं. कोनिकल फ्लास्कमध्ये १० मिली आम्ल, फिनॉल्फथॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) दोन थेंब, ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेली मापनळी) सोडियम हायड्रॉक्साइड. रीडिंग १०.० मिली यायला हवं ना? येतंय ११.३, १०.६, १०.९. शिवाय गुलाबी रंग मिनिटाभरात उडतो. चूक कुठे होतेय?

पिपेटधारी
आधी १०.० ची अपेक्षा सोडा. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तराजूवर ठेवल्या ठेवल्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. तराजूने ४ ग्रॅम दाखवले तरी शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड त्याहून कमीच असतं. म्हणूनच त्याची तीव्रता ऑक्झॅलिकने ठरवायची असते. ऑक्झॅलिकचे स्फटिक हवेत स्थिर राहतात, वजन भरवशाचं मिळतं. तुमचं वजनही बरोबर आहे. स्फटिकातले पाण्याचे दोन रेणू विसरून रेणुभार १२६ ऐवजी ९० धरला असता तर १.१२५ ग्रॅमच घेतले असते आणि रीडिंग साडेसातच्या आसपास आलं असतं.

तेव्हा १०.६ आलं यात गैर काही नाही. तीन आकडे आपसात जुळत नाहीत, दुखणं ते आहे.

लिटमस११
मग ११.३ कशामुळे? ब्युरेट डिस्टिल्ड वॉटरने नीट धुतली होती.

पिपेटधारी
धुतल्यावर त्याच सोडियम हायड्रॉक्साइडने खळबळली का? ५-५ मिली घेऊन दोनदा, आणि तेही खालच्या तोटीतूनच सोडायचं. नाहीतर आत राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं आणि पहिलं रीडिंग फुगतं.

दुसरा संशय तोटीतल्या हवेच्या बुडबुड्यावर. टायट्रेशन चालू असताना बुडबुडा सुटला की त्याची जागा द्रावण घेतं. ब्युरेटमधली पातळी उतरते, पण तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये पडलेलंच नसतं. तुमचं फक्त पहिलंच रीडिंग एवढं जास्त आहे, ते या दोन्हींशी जुळतं. ब्युरेट किंचित तिरपी धरून स्टॉपकॉक (तोटीची चावी) एकदम पूर्ण उघडा, तोटीवर बोटाने टिचकी मारा, मगच शून्यावर आणा. आणि फनेल काढून ठेवा, त्यातला एखादा थेंब मागाहून ओघळतो.

क्षारिका
कोनिकल फ्लास्क मात्र आम्लाने खळबळू नका, फक्त पाण्याने. तिथे राहिलेलं पाणी चालतं, कारण पिपेटने (ठरावीक माप घेणारी नळी) टाकलेलं आम्ल तेवढंच राहतं. पिपेट आम्लाने खळबळायची. तिच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब फुंकायचा नाही, टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवून सोडायचं. पिपेट बल्बनेच भरा. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, तोंडाने ओढायची सवय मुलांना लागूच देऊ नका.

१०.९ चं कारण रंग उडण्यात दिसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात शिरून हायड्रॉक्साइड खातो, सामू (pH) ८.३ च्या खाली येतो आणि फिनॉल्फथॅलीन रंगहीन होतं. रंग टिकत नाही म्हणून तुम्ही आणखी थेंब घातले असणार. एक थेंब साधारण ०.०५ मिली, सहा जादा पडले की १०.६ चे १०.९ होतात.

खाली पांढरा कागद ठेवा. थेंब पडला की गुलाबी ठिपका उमटतो आणि फ्लास्क फिरवला की विरतो. तो विरायला वेळ लागायला लागला की धार बंद, एकेक थेंब. अगदी फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. नंतर उडाली तरी परत घालू नका. गडद गुलाबी म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

लिटमस११
फिनॉल्फथॅलीनऐवजी मिथिल ऑरेंज हा दर्शक वापरला तर कार्बन डायऑक्साइडचा त्रास टळेल का?

क्षारिका
इथे नको. सोडियम ऑक्झॅलेटचं द्रावण किंचित अल्कधर्मी असतं आणि मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलतं. रंग अंतिम बिंदूच्या आधीच आणि हळूहळू पालटेल. हायड्रोक्लोरिक आम्ल–सोडियम कार्बोनेटसाठी ते योग्य.

त्यापेक्षा द्रावण नवीन करा. डिस्टिल्ड वॉटर पाच-दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा, त्यात गोळ्या विरघळवा आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत घट्ट बंद ठेवा. काचेचं घासीव बूच सोडियम हायड्रॉक्साइडने अडकून बसतं. काचेच्या स्टॉपकॉकचंही तेच, काम झालं की ब्युरेट लगेच धुवा.

लिटमस११
नवीन द्रावण केलं, बुडबुडा काढला. पायलट (पहिलं अंदाजाचं रीडिंग) १०.७, मग १०.६, १०.६, १०.६. जर्नलमध्ये गणित कसं मांडू?

पिपेटधारी
सीबीआर १०.६. ऑक्झॅलिकच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात, तो २ विसरू नका:

२ × ०.०५ × १० ÷ १०.६ = ०.०९४३ मोलर

गुणिले ४० = ३.७७ ग्रॅम प्रति लिटर. बाटलीवरचं ‘०.१ मोलर’ खोडून ०.०९४३ आणि आजची तारीख लिहा. आठवड्याने वापरायचं झालं तर पुन्हा ऑक्झॅलिकशी ताडून बघा.